तालमीला वेळ कुठून यायचा?

मराठीत एक छोटासा शब्द आहे, खाडा. हजेरीपटावरचा खाडा, दूधवाल्याचा खाडा, कामवाल्या बाईंचा खाडा. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत विणकर खात्यात होते. त्यांच्या तोंडी हा शब्द दोनच ठिकाणी यायचा. गिरणीतला खाडा, ज्याचे पैसे कापले जायचे. आणि तालमीतला खाडा, ज्याचा जाब वस्ताद विचारायचे. आपल्या फोनमधलं अ‍ॅप यालाच 'स्ट्रीक तुटली' म्हणतं आणि वर एक रडका इमोजी टाकतं.

व्यायाम सुटला की आपण पहिली शिव्या घालतो ती स्वतःला. आळशी, कच्च्या मनाचा, शिस्त नाही. दुसरं हमखास वाक्य म्हणजे, 'आधीच्या लोकांना वेळ होता हो.' या दुसऱ्या वाक्याचं मला बरीच वर्षं कुतूहल आहे. खरंच होता का वेळ? कुणाला होता? आणि ज्यांना नव्हता त्यांनी तो कुठून काढला?

सुरुवात शाळेत ऐकलेल्या गोष्टीपासून करू. तरुण टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. पोटाच्या तक्रारी होत्या. त्यांनी पहिलं वर्ष अभ्यास बाजूला ठेवला आणि शरीर कमावलं. कुस्ती, पोहणं, नदीत होडी वल्हवणं आणि दाबून जेवणं. ही गोष्ट आपल्याला निर्धाराची गोष्ट म्हणून सांगतात, आणि निर्धार होताच. पण आता ती वाचताना माझी नजर 'वर्ष' या शब्दावर अडकते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एक अख्खं वर्ष मिळालं. राहायला वसतिगृह होतं, शेजारी नदी होती, जेवण कुणीतरी रांधत होतं आणि पुढच्या वर्षी परत अभ्यासाला लागायची सोय होती. टिळकांनी त्या वर्षाचं सोनं केलं, याबद्दल वाद नाही. अशा वर्षाची मुभा तेव्हाच्या महाराष्ट्रात किती मुलांना असेल, एवढंच विचारायचंय.

कारण त्याच दशकात, शे-सव्वाशे मैलांवर मुंबईत, टिळकांच्या वयाची हजारो मुलं गिरण्यांमध्ये उभी होती. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. म्हणजे मुंबईची पहिली गिरणी आणि टिळक एकाच वर्षी जन्मले म्हणा ना. गिरणीचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. आठवड्याची सुट्टी नाही. सणाला गिरणी बंद असायची, आणि मध्येच कधी बंद असली तर यंत्रं पुसायला बोलावणं यायचं.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचा एक अर्ज तयार केला. लोखंडे सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेले. अर्जावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या वाचल्या की अंगावर येतात, कारण त्या इतक्या लहान आहेत. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावं. यात कुणी व्यायामाचं नाव काढलेलं नाही, आणि काढणार तरी कसं? पण पुढे गिरणगावात जे जोर मारले गेले, जे मलखांब रोवले गेले, ज्या कबड्डीच्या टीम झाल्या, त्यांची खरी पहिली कागदोपत्री नोंद मला या अर्जात दिसते. आधी अर्धा तास सुटला पाहिजे. मग त्या अर्ध्या तासात काय करायचं ते माणूस ठरवेल.

रविवार मिळायला आणखी सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार, तो सुट्टीचा असावा, हा लोखंड्यांचा युक्तिवाद अजून सांगितला जातो. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आपल्या 'संडे मॉर्निंग रन'च्या फोटोखाली खरं तर लोखंड्यांना टॅग करायला हवं.

रोजचे तास मात्र कमी व्हायच्या ऐवजी आधी वाढले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची मागणी निरर्थक झाली, कारण गिरणीत आता सूर्य मावळतच नव्हता. १९०५ च्या सुमारास काही ठिकाणी दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि कामगार रस्त्यावर उतरले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती ११ तास झाली, १९३४ मध्ये १०, आणि स्वातंत्र्याच्या आसपास ९ तास व आठवड्याला ४८. ओळीने लिहिलं की हे आकडे बिनबोभाट खाली उतरल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक तासामागे संप आहेत, उपासमार आहे आणि गावाकडे परतलेल्या माणसांच्या बोटी आहेत.

आणि या सगळ्या काळात गिरणगावात तालमी होत्याच. बारा तासांच्या दिवसातही होत्या. हे कसं?

तालीम म्हणजे काय, हे आज चकचकीत आरशांच्या जिममध्ये वाढलेल्यांना सांगावं लागेल. एक बुटकं दार, आत वाकून जायचं. मधे तांबड्या मातीचा हौद. ती माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं काय काय कालवून ती मऊ ठेवायची. भिंतीवर मारुतीची तसबीर, कोपऱ्यात मुद्गल, बाहेर कुठे जागा असेल तर मलखांब. फी जवळपास नाहीच. आत आलं की कुणी विचारत नाही, 'तुझं गोल काय?' वस्ताद फक्त मान वर करून बघतात, कोण आलंय आणि कोण नाही.

आता चाळीतली जागा आठवा. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष एका खोलीत गावाच्या नावावर राहायचे, डझनाने. ट्रंका भिंतीला, अंथरुणं गॅलरीत. पाळ्या आल्यावर रातपाळीवाला उठायच्या जागी दिवसपाळीवाला आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. अशा माणसाला घरी व्यायाम करायला सोडा, सरळ उभं राहायला जागा नव्हती. तालीम ही त्याची बाहेरची खोली होती. तिथे तो अंग मोकळं करायचा, आंघोळ करायचा, गावची खबर घ्यायचा, नोकरीचा शब्द टाकायचा. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगार वस्त्यांबद्दल जे लिहिलंय, त्यात या व्यायामशाळा शरीरापेक्षा वस्तीच्या ताकदीच्या जागा म्हणून येतात. दादा तिथे तयार झाले, मोहरमच्या आणि गणपतीच्या मिरवणुकांची माणसं तिथून निघाली, संपात कुणाला अडवायचं आणि कुणाला वाचवायचं तेही तिथे ठरलं. तेव्हा तालमीला फार सोवळं करू नये. दहशतही तिथे पोसली गेली.

पण सातत्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. बारा तास साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला रोज सकाळी नवी प्रेरणा कुठून मिळणार? त्याच्या बाजूने इतर गोष्टी काम करत होत्या. तालीम त्याच्या वाटेवर होती. वेळ त्याने ठरवायची नव्हती, ती गिरणीच्या भोंग्याने ठरवली होती. पहिल्या भोंग्याआधी जोर, किंवा पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट हौद. सोबत त्याच्या गावची चार पोरं होती, जी त्याला हाक मारायची. आणि खाडा झाला तर तो लपून राहत नव्हता. आजोबा म्हणायचे, तालमीला जायचा कंटाळा यायचा पण न जायचा जास्त कंटाळा यायचा, कारण मग दिवसभर सगळे विचारत बसायचे.

शहराबाहेरही तालमी हे असंच वस्तीचं हाड होतं. पुण्यात गंज पेठेतल्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. ज्या काळात एका मातंग वस्तादाकडे माळ्याचा पोरगा शिकायला जाणं ही छोटी बाब नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. बऱ्याच तालमी मात्र जातीच्या आणि पेठेच्याच राहिल्या, हेही खरं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला दरबाराचा आधार दिला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं मैदान पाहून त्यांच्या डोक्यात आलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये तयार झालं. कोल्हापूरच्या पेठांमध्ये तालीम इतकी मुरली की पुढे तिथे फुटबॉल आला तोसुद्धा तालमीच्याच नावाने खेळला गेला. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांची मॅच असते तेव्हा मैदानावर कुणी लंगोट घातलेला नसतो, पण पेठ तीच असते. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक बर्लिनला जाऊन मलखांब आणि कबड्डी दाखवून आलं. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी तर 'व्यायामज्ञानकोश' नावाचे दहा खंड काढले. दहा! आपण व्यायामावर बोलणं व्यायाम करण्यापेक्षा जास्त मनापासून करतो, हा गुण जुनाच दिसतो.

औंधला मात्र वेगळाच प्रयोग झाला, आणि आपल्यासारख्या फोनवाल्या माणसांशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे.

औंध हे साताऱ्याकडचं ७२ गावांचं लहानसं संस्थान. १९०९ मध्ये तिथे गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा एक अफाट माणूस होता. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, संग्रहालय उभं केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, त्यातून किर्लोस्करवाडी झाली. पुढे १९३९ मध्ये गांधींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यकारभार देणारी घटनाही केली. या माणसाला तरुणपणी युजीन सँडोचं वेड लागलं होतं. सँडो म्हणजे तेव्हाचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. टपालाने त्याची पुस्तकं आणि उपकरणं मागवायची, भिंतीवर तक्ता लावायचा आणि त्याबरहुकूम व्यायाम करायचा. आजच्या ऑनलाइन फिटनेस कोर्सचे हे आजोबा. बाळासाहेबांनी हे दहाएक वर्षं नेटाने केलं. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर तिथेच राहिले.

नमस्कार घालणं त्यांनी शोधलं नाही. ती रीत आधीपासून होती. परंपरा तिचा धागा समर्थांपर्यंत नेऊन जोडते. बाळासाहेबांनी केलं ते असं की, तिचा एक ठरावीक क्रम बांधला, श्वासाची आणि मंत्रांची जोड पक्की केली, पुस्तक लिहिलं, आणि संस्थानातल्या शाळांमध्ये ते मुलामुलींना रोजचे केले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असताना लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी 'न्यूज क्रॉनिकल'साठी त्यांची मुलाखत घेतली. साठी उलटलेला हा राजा इतका ताजातवाना कसा, हे लंडनकरांना कळेना. दोन वर्षांनी त्यांचं 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक मॉर्गनबाईंच्या संपादनाखाली तिथे निघालं. त्यातले दहा पॉइंट म्हणजे नमस्काराच्या दहा स्थिती.

सूर्यनमस्कार आज राष्ट्रीय, सांस्कृतिक, धार्मिक अशा इतक्या शालींखाली गुंडाळलेले असतात की त्यांची साधी कारागिरी दिसेनाशी होते. सँडोची उपकरणं सोडून माणूस इकडे का आला असेल, याचा विचार करा. याला लागते एका सतरंजीची जागा. साधन शून्य. प्रवासात, दौऱ्यावर, कुठेही होतं. एक नमस्कार काही सेकंदांचा, म्हणजे पाच मिनिटं असली तरी काहीतरी करता येतं. आणि मोजता येतं. आज बारा, उद्या पंधरा. कामात बुडालेल्या माणसासाठी इतका सुटसुटीत व्यायाम रचणं ही मला त्या राजाची खरी हुशारी वाटते. तो स्वतः राज्य चालवणारा माणूस होता, त्याला वेळेची ओढाताण माहीत होती.

अर्थात राजाने सांगितलेला व्यायाम आणि आपण उचललेला व्यायाम यांत फरक असतो. औंधच्या शाळेतल्या पोरांना तो मनापासून आवडत होता का, हे पोरांना कुणी विचारलं नव्हतं. शाळेच्या पी.टी.बद्दल आपल्या सगळ्यांच्या आठवणी बघता मी पैज लावणार नाही.

बाळासाहेबांचं एक मात्र मानायला हवं. ते नमस्कार बायकांसाठीही आहेत असं ते हट्टाने सांगत, आणि राणीसाहेबही घालत. १९२०-३० च्या दशकात हे म्हणणं सोपं नव्हतं. तालमीचं ते बुटकं दार बायकांसाठी बंदच होतं. ब्रह्मचारी मारुतीच्या हौदाजवळ बाईची सावली नको, इथपर्यंत. 'तुला कशाला व्यायाम, घरात एवढं काम आहे की' हे वाक्य आपल्या आयांनीही ऐकलंय. जात्यावर दळणं, विहिरीचं पाणी शेंदणं, कांडण, सारवण हे श्रम होते यात शंका नाही. पण श्रमाने शरीर झिजतंही. व्यायामात आपण थांबायचं केव्हा ते ठरवतो, जात्यावर ते पायलीभर धान्य ठरवतं.

माझी आजी चाळीच्या नळावर पहाटे चारला रांगेत असायची. आजोबा तालमीतून येईपर्यंत तिचं पाणी भरून, डबा करून झालेला असायचा. आजोबांचा तालमीचा तास कुठून आला, या प्रश्नाचं निम्मं उत्तर लोखंड्यांच्या अर्जात आहे आणि निम्मं त्या नळावर. घरातल्या कुठल्याही पुरुषाच्या व्यायामाच्या सवयीचं कौतुक करताना मी आता हा हिशेब मनात घालते. बायकांना रीतसर, लाज न बाळगता घाम गाळायची परवानगी होती ती मंगळागौरीला. श्रावणातल्या मंगळवारची रात्र, झिम्मा, फुगड्या, पिंगा, लाटण्यांचे खेळ, पहाटेपर्यंत. तीसुद्धा लग्नानंतरची पहिली पाच वर्षं. कधी सलग अर्धा तास फुगड्या घालून बघा, मग कळेल की त्या बायकांच्या दमसासाला जिममधला बर्पी काहीच नाही.

गडबडीच्या माणसाची आणखी एक जुनी युक्ती होती, व्यायामाला वेगळा वेळच न काढण्याची. धोंडो केशव कर्वे त्यातले उस्ताद. मुरुडच्या या मुलाने परीक्षेला बसायला साताऱ्यापर्यंतचा रस्ता घाट चढून पायी तुडवला होता. (तिथे साहेबांनी, 'वय कमी दिसतं' म्हणून परत पाठवलं.) पुढे ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. विधवांचा आश्रम १९०० मध्ये हिंगण्याला गेला, तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. आश्रम हिंगण्याला, नोकरी फर्ग्युसनला. मग रोज चालत जायचं, चालत यायचं, पावसाळ्यात चिखल तुडवत, १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत. आज कर्वेनगरहून फर्ग्युसन रस्त्याला जायला आपण रिक्षा बुक करतो आणि सिग्नलवर बसून 'स्टेप्स' किती झाल्या ते बघतो. कर्वे १०४ वर्षं जगले. चालण्यामुळेच जगले असं म्हणायचा मोह होतो. एका माणसाच्या आयुष्यावरून असं सिद्ध होत नाही.

असं काही सिद्ध करायचा प्रयत्न लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी केला. त्यांचा १९५३ चा शोधनिबंध व्यायामाच्या शास्त्रातला मैलाचा दगड मानतात. त्यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरची माणसं घेतली. ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघेही त्याच वस्त्यांतले आणि बस तर एकच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त, कंडक्टरांमध्ये कमी आणि तोही कमी घातक. टपालखात्यातही तसंच दिसलं. हिंडून पत्रं वाटणारे पोस्टमन खुर्चीवरच्या लोकांपेक्षा बरे होते. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. मॉरिस यांच्या गटानेच तीन वर्षांनी बसवाल्यांच्या गणवेशाच्या मापांचा अभ्यास केला आणि दिसलं की ड्रायव्हरांच्या पँटची कंबर तरुण वयापासूनच जास्त रुंद होती. म्हणजे फरक काही अंशी नोकरीच्या आधीचाच. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला स्वतःच टाचणी लावणारे शास्त्रज्ञ विरळा. मॉरिस स्वतः पुढे पळायला लागले आणि वयाच्या शंभरीला टेकले.

मुंबईत बेस्टची डबलडेकर १९३७ मध्ये आली. कॅचर टकटकवत जिना चढणारा कंडक्टर आपल्यालाही आठवतो. त्याच्या नोकरीत व्यायाम फुकट मिळत होता, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने काय तोंड केलं असतं, त्याचाच विचार करतेय. आपल्या नोकऱ्यांमधून तो जिना गेला. व्यायाम कामातून बाहेर पडला आणि कामानंतर उरलेल्या वेळात जाऊन बसला. आणि उरलेला वेळ तर आपण ट्रॅफिकला देतो.

मग आकडे आले. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याला 'मान्पो-केई' म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक' असं नाव दिलं. आकडा गोल होता, चिकटला. एकवीस दिवसांत सवय लागते, ही रीलवाल्यांची आवडती ओळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडून येते. आपला बदललेला चेहरा ओळखीचा वाटायला पेशंटला निदान एकवीस दिवस लागतात असं त्याने १९६० मध्ये लिहिलं, आणि त्यातलं 'निदान' वाटेत कुठेतरी गळून पडलं.

फिलिपा लॅली आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे नीट मोजून पाहिलं. ९६ माणसांना एकेक छोटी सवय निवडायला सांगितली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधायला लावली. जेवणासोबत फळ, किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस आला. पण कुणाला १८ लागले, कुणाला हिशेबाने २५४ लागतील असं दिसलं. व्यायामासारखी सवय फळ खाण्यापेक्षा जास्त वेळ घेते. आणि एखादा दिवस चुकला तर? फारसं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी केलं की गाडी रुळावर.

मी हे वाचलं तेव्हा मला भोंगाच आठवला. 'ठरलेल्या प्रसंगाला बांधणं' म्हणजे गिरणगावात भोंगा करत होता तेच. आणि खाड्याबद्दलही वस्ताद अ‍ॅपपेक्षा शहाणे होते. खाडा झाला की ते विचारायचे, कधी चार शिव्या घालायचे, दोनशे जोर वाढवायचे. पण मोजणी शून्यावर आणायचे नाहीत. काल आला नाहीस म्हणून आधीची चार वर्षं पुसली गेली, असं मातीच्या हौदात कुणी म्हणत नाही. ती चार वर्षं समोर दंडावर दिसत असतात.

१९८२ चा संप झाला. अडीच लाख कामगार, पासष्ट गिरण्या, न संपलेला संप. भोंगे एकेक करत थांबले. आजोबांची तालीम त्यानंतर काही वर्षं होती. मग तिथे पत्र्याची शेड आली, मग कॅरम, मग मंडळाचं कार्यालय. पुण्यातही असं खूप झालं. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. १८८७ पासून बसणारा हा गणपती दरवर्षी थाटात निघतो. ज्या तालमीच्या नावाने तो निघतो ती तालीम आता नाही.

आता आमच्या सोसायटीत खाली काचेची जिम आहे, ट्रेडमिल आहेत, महिन्याच्या मेंटेनन्समध्ये त्यांचे पैसे जातात. रात्री साडेनऊला लॉगआऊट करून माणसं वर येतात. ती जिमकडे बघतात आणि लिफ्टचं बटण दाबतात. त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांच्या कायद्यात बदल मंजूर केले. दुकानं आणि खासगी आस्थापनांमध्ये दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १०, आणि कारखान्यांमध्ये ९ वरून १२. कामगाराची संमती घ्यायची, जादा वेळेचे पैसे द्यायचे, असं त्यात म्हटलं आहे. बातमी वाचून मी आधीचे आकडे परत काढून बघितले. कारखान्यातल्या दिवसाला १२ तास, ही मर्यादा १९११ सालची.